शाळा संपते तिथे शिक्षण संपू नये : धाराशिव जिल्ह्यातील पालकांसाठी माहिती

शिक्षणाचा दर्जा सुधारला पाहिजे आणि ते सर्वांना समान मिळालं पाहिजे, हे वाक्य प्रत्येक सत्कार समारंभात, प्रत्येक जलशात ऐकायला मिळतं. त्यावर कोणाचा वाद नाही. पण दर्जा नेमका कशाने मोजायचा, न्याय कुठे हुकतो, आणि नळदुर्ग, परंडा, उमरगा किंवा कळंबच्या एखाद्या पालकाने शाळेत जाऊन विचारायचं तरी काय, हे फारसं कोणी सांगत नाही. आम्ही शिक्षक आहोत, उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांत वावरतो. पालकांकडून वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं, कायदा आणि आपल्या जिल्ह्याची परिस्थिती एका ठिकाणी असावी म्हणून हा लेख लिहीत आहोत.

मुद्दा सुरुवातीलाच सांगतो. आपली बहुतेक लेकरं पहिलीत दाखल होतात. नुकसान होतं ते एक शाळा संपून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या जागेत. चौथी संपते, सातवी-आठवी संपते, दहावी संपते, आणि प्रत्येक टप्प्यावर काही मुलं गॅरेजवर किंवा हातगाडीवर कामाला लागतात, काही मुली घरी बसतात. शाळेच्या आत काय शिकवलं जातं हा दर्जाचा प्रश्न आहे. या सांध्यावरून मूल पुढे जातं की नाही हा न्यायाचा प्रश्न आहे. दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

दर्जा आणि न्याय कसा मोजायचा

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांपैकी चौथं उद्दिष्ट शिक्षणाचं आहे. २०३० पर्यंत सर्वांना दर्जेदार आणि समन्यायी शिक्षण, असं त्याचं थोडक्यात स्वरूप. समन्यायी म्हणजे सर्वांना एकसारखी वस्तू वाटणं नव्हे. ज्याला जास्त गरज आहे त्याला जास्त मदत, म्हणजे शेवटी सगळे एका पातळीवर येतील.

फिनलंडचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे १९७० च्या दशकात लहान वयातच मुलांना 'हुशारांची' आणि 'बाकीच्यांची' अशा वेगळ्या शाळांत विभागण्याची पद्धत बंद करून सर्वांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा सुरू केली. पुढे तो देश आंतरराष्ट्रीय चाचण्यांत वरच्या रांगेत आला. सर्वांना सोबत घेतल्याने दर्जा घसरतो, ही भीती तिथे खरी ठरली नाही.

आपल्याकडे 'असर' हे सर्वेक्षण २००५ पासून होतं. त्यात स्वयंसेवक खेड्यांत घरी जाऊन मुलांना वाचायला लावतात. २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीत हे प्रमाण ४४.८ टक्के होतं. म्हणजे पाचवीतल्या अर्ध्याहून जास्त मुलांना दुसरीचं पुस्तक नीट वाचता येत नाही. असं मूल सहावीत विज्ञानाचं पुस्तक उघडून काय करणार?

ही चाचणी घरी पाच मिनिटांत होते. दुसरीचं बालभारतीचं पुस्तक घ्या, उर्दू असो की मराठी, आणि तिसरीच्या पुढच्या आपल्या मुलाला एक उतारा मोठ्याने वाचायला सांगा. मग हातच्याची वजाबाकी द्या. पाचवीच्या पुढे असेल तर तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला सांगा. स्वतःला वाचता येत नसेल तर मोठ्या मुलीला किंवा शेजारच्या मुलाला जवळ बसवा. प्रगतिपुस्तकावरची श्रेणी काहीही असो, मूल कुठे आहे ते यातून कळतं.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके आहेत : धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७८ टक्के होती, राज्याची सुमारे ८२. पुरुषांची सुमारे ८६ आणि स्त्रियांची सुमारे ७०. एकाच जिल्ह्यात, एकाच घरात राहणाऱ्या स्त्री-पुरुषांत हे एवढं अंतर आहे.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातले मागे राहिलेले जिल्हे निवडून आकांक्षित जिल्हा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आपला जिल्हा असे चार निवडले गेले. या कार्यक्रमात जिल्ह्याला जे गुण मिळतात त्यांतले ३० टक्के शिक्षणाचे आहेत. आणि शिक्षणाच्या निकषांत प्राथमिकमधून उच्च प्राथमिकमध्ये आणि तिथून माध्यमिकमध्ये किती मुलं पुढे गेली, हे मोजलं जातं. म्हणजे आम्ही वर ज्याला सांधा म्हटलं तो शासनाच्या कागदावरही महत्त्वाचा आहे.

भाषेच्या बाबतीत या मातीचा एक इतिहास आहे, तो आपण विसरू नये. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेत तो मुंबई राज्यात आला. संस्थानात माध्यमिक आणि उच्च शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून होतं. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकी आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवली. भारतीय भाषेत उच्च शिक्षण देता येतं हे त्याने दाखवून दिलं, ही मोठी गोष्ट होती. पण त्याच व्यवस्थेत मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या मुलाला परक्या भाषेत शिकावं लागत होतं. आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा गावात १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली, जिथे पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवलं. सरकारी शाळेत जे मिळत नाही ते आपल्या लेकरांना मिळावं, ही त्यामागची तळमळ होती.

आज पारडं फिरलं आहे. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क तेव्हा मराठी मुलाचा जेवढा खरा होता, तेवढाच आज उर्दू मुलाचा खरा आहे. हा हक्क मागताना आपण कोणाच्या विरोधात उभे नसतो. हिप्परग्याच्या लोकांनी मागितलं तेच मागत असतो.

सच्चर अहवाल काय सांगतो

न्यायमूर्ती राजेंद्र सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यातल्या तीन गोष्टी प्रत्येक पालकाला माहीत असाव्यात. पहिली : देशातील ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के एकतर शाळेत कधी गेली नव्हती किंवा मध्येच बाहेर पडली होती. दुसरी : शाळेच्या वयातील मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ४ टक्के मदरशात शिकत होती. 'यांची मुलं मदरशातच जातात' हा समज चुकीचा आहे. तिसरी : पदवीपर्यंत पोहोचलेल्यांचं प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होतं.

महाराष्ट्राचं चित्र थोडं वेगळं आहे. २००१ च्या जनगणनेत राज्यातील मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची एकूण ७६.९. म्हणजे अक्षरओळखीत आपण मागे नव्हतो. तरीही राज्य सरकारने २००८ मध्ये नेमलेल्या डॉ. मेहमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात उच्च शिक्षणातलं मागासलेपण ठळकपणे मांडलं. शाळेत जाणारं मूल कॉलेजपर्यंत पोहोचत नाही, ते वाटेत गळतं.

कायदा काय देतो

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्यासाठीचा शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपल्या कामाच्या तरतुदी अशा :

– पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी.
– वयाचा दाखला किंवा टीसी नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शाळा सुटलेलं मूल वयानुसार वर्गात बसतं आणि मागे राहिलेलं भरून काढण्यासाठी त्याला विशेष शिकवणी मिळाली पाहिजे.
– पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार.
– सहावी ते आठवीत दर ३५ मुलांमागे एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं व भाषा या प्रत्येकासाठी किमान एक.
– पहिली ते पाचवी वर्षाला किमान २०० दिवस, सहावी ते आठवी २२० दिवस शाळा.
– मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, ग्रंथालय, मैदान.
– मारहाण आणि मानसिक छळ यांना बंदी.
– शक्य असेल तिथपर्यंत शिक्षण मातृभाषेतून.

मातृभाषेचा मुद्दा राज्यघटनेतही आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं अनुच्छेद ३५०क सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरला आहे.

खासगी शाळांतील २५ टक्के जागांची तरतूद याच कायद्यातली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. म्हणून ही सोय आजही चालू आहे. ओबीसीत मोडणाऱ्या मुस्लिम बिरादऱ्यांना जातीच्या दाखल्यावर वंचित गटातून अर्ज करता येतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. अर्ज ऑनलाइन असतो, त्यामुळे दाखले डिसेंबरपर्यंत काढून ठेवावेत. ऐनवेळी तहसीलच्या चकरा मारून तारीख हुकते.

उर्दू शाळा म्हणजे अल्पसंख्याक शाळा नव्हे

इथे पालकांचा नेहमी गोंधळ होतो. जिल्हा परिषदेची उर्दू शाळा ही सरकारी शाळा आहे. तिला शिक्षण हक्क कायदा पूर्णपणे लागू आहे. आपल्याच समाजातील संस्थेने काढलेली आणि अल्पसंख्याक दर्जा मिळालेली शाळा वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये प्रमती खटल्यात अशा अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून वगळलं.

याचा परिणाम काय? अल्पसंख्याक शाळेला २५ टक्क्यांची अट नाही. शिक्षक, वर्ग, स्वच्छतागृहं यांबद्दल कायद्याचा धाक कमी. काही संस्था अत्यंत चांगलं काम करतात, पण ते त्यांच्या नियतीवर अवलंबून राहतं. १ सप्टेंबर २०२५ रोजी अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी २०१४ च्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्याची भूमिका घेतली. अनुच्छेद ३० ने दिलेला संस्था चालवण्याचा हक्क आपल्याला जपायचा आहेच. पण तो हक्क समाजाच्या लेकरांसाठी आहे. संस्थाचालकाला हिशेब विचारू नये, असा त्याचा अर्थ होत नाही.

माध्यम कोणतं निवडावं

'सर, उर्दूत घालू की मराठीत की इंग्रजीत?' हा प्रश्न दर जूनमध्ये येतो. सर्वांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. पण निर्णय घेताना तीन गोष्टी बघाव्यात.

एक, घरात कोणती भाषा बोलली जाते. आपल्याकडे अनेक घरांत दखनी बोलतात आणि मूल गल्लीत मराठी शिकतं. अशा मुलाला उर्दू किंवा मराठी दोन्ही झेपतात. घरात कोणालाच न येणाऱ्या इंग्रजीत पहिलीपासून घातलं तर मूल इंग्रजी अक्षरं गिरवतं, पण वाक्याचा अर्थ त्याला लागत नाही.

दोन, ती शाळा कुठपर्यंत आहे. गावातली उर्दू शाळा चौथीपर्यंत असेल तर पाचवीला कुठे, सातवीपर्यंत असेल तर आठवीला कुठे, हे पहिलीच्या प्रवेशाच्या वेळीच ठरवा. जवळ उर्दू हायस्कूल नसेल तर मुलाला पुढे मराठी शाळेत जावं लागणार हे गृहीत धरून तयारी करा.

तीन, शिक्षक किती आहेत. चार वर्गांना एकच शिक्षक असेल तर माध्यम कोणतंही असो, मूल मागे पडतं.

माध्यम बदलताना खरी अडचण शब्दांची असते. उर्दू शाळेत मूल त्रिकोणाला मुसल्लस म्हणतं, अपूर्णांकाला कसर, गुणाकाराला जर्ब, भागाकाराला तकसीम. प्रकाशसंश्लेषणाला जियाई तालीफ. मराठी वर्गात आल्यावर त्याला गणित येत असूनही प्रश्न कळत नाही, आणि वर्गात त्याला 'ढ' समजलं जातं. उपाय सोपा आहे. सहावीपासून एक वही करा, पानाचे तीन भाग पाडा, उर्दू, मराठी, इंग्रजी. दररोज पाच शब्द. दोन वर्षांत पूल तयार होतो. राज्यात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे, उर्दू शाळांतही ती शिकवली जाते. तो तास टाळण्याचा विषय समजू नये. बँकेत, तहसीलमध्ये, स्पर्धा परीक्षेत हीच भाषा लागते.

बालभारती उर्दूतही पुस्तकं छापते आणि तिच्या संकेतस्थळावरून ती फुकट उतरवून घेता येतात. एकाच धड्याचं उर्दू आणि मराठी पुस्तक शेजारी ठेवून वाचणं हा माध्यम बदलण्याचा सर्वात चांगला सराव आहे.

शिक्षक नसतील तर दर्जा कुठून येणार

राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा २०१३ पासून होते आणि भरती पवित्र पोर्टलवरून होते. उर्दू शाळांची अडचण दुहेरी आहे. भरती लांबते तेव्हा सगळ्याच शाळा रिकाम्या राहतात. शिवाय बिंदुनामावलीनुसार काही प्रवर्गांसाठी राखीव असलेल्या उर्दू जागांना उर्दूतून शिकलेले पात्र उमेदवार मिळत नाहीत, आणि त्या जागा रिकाम्या राहतात. दोष आरक्षणाचा नाही. आरक्षण न्यायासाठीच आहे. पण जागा भरेपर्यंत वर्गात शिक्षक कोण, याची सोय प्रशासनाने केली पाहिजे, आणि ती पालकांनी लेखी मागितली पाहिजे.

दुसरी काळजी पटसंख्येची. शिक्षकांची पदं पटावर ठरतात. २०२३ मध्ये शासनाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आणला. मराठी शाळेसाठी 'जवळची शाळा' दोन-तीन किलोमीटरवर मिळू शकते. उर्दूसाठी ती थेट तालुक्याच्या गावी असू शकते. म्हणून गावातली उर्दू शाळा टिकवायची असेल तर पट टिकवणं आपल्या हातात आहे. शाळा सुधारण्याआधीच सगळ्यांनी मुलं काढून घेतली तर मागे राहतात ती सर्वात गरीब घरांतली लेकरं, आणि त्यांच्या वाट्याचा शिक्षकही जातो.

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या त्याच निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं आहे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्याची भूमिका त्यात घेतली आहे. आमच्या पेशातल्या अनेकांना हे जड वाटतं. पण पालकाच्या बाजूने पाहिलं तर शिकवणाऱ्याची परीक्षा होण्यात गैर काही नाही.

मुलींचा सांधा

शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंतच आहे. अनेक गावांत शाळाही नेमकी तिथेच संपते, आणि घरात मुलीच्या लग्नाचा विषयही त्याच सुमारास निघतो. तीन गोष्टी एका जागी येतात आणि मुलगी घरी बसते. तिने शिक्षण सोडलं असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा शाळा लांब गेलेली असते.

यासाठी उपलब्ध असलेली मदत अशी :

– एसटीची अहिल्याबाई होळकर योजना : ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेपर्यंत मोफत पास. शाळेतून यादी जाते, म्हणून जूनमध्येच मुख्याध्यापकांना सांगा.
– मानव विकास कार्यक्रमात असलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी सायकल आणि बसची सोय. आपली शाळा त्यात येते का, हे पंचायत समितीत विचारा.
– एनएमएमएस परीक्षा : आठवीत देता येते, उर्दूतूनही. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत ५५ टक्के हवेत. शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित असावी. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. शाळा आणि कॉलेज यांच्यामधला हाच खरा आधार, पण आपल्याकडे फार कमी मुलं बसतात.
– केंद्राची अल्पसंख्याक प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२ मध्ये पहिली ते आठवीसाठी बंद करून फक्त नववी-दहावीपुरती ठेवली गेली. जुन्या माहितीवर सायबर कॅफेत पैसे घालवू नका.
– बारावीनंतर : ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शैक्षणिक शुल्क पूर्ण माफ आहे. खुल्या प्रवर्गातील मुस्लिम मुलीने ईडब्ल्यूएस दाखला वेळेत काढावा.
– शाळा सुटलीच असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला खासगीरीत्या बसता येतं. पण तो शेवटचा पर्याय. आधी नियमित शाळा.

मुलांची गळती वेगळी असते. भूम, वाशी, कळंबकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, वीटभट्टीवर किंवा पुण्याकडे कामाला जाणारे पालक मुलांना सोबत नेतात. जाताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवलं की तिथल्या शाळेत मुलाला बसवून घेतलं पाहिजे. शक्य असेल तर मुलाला गावातच आजीकडे ठेवा आणि हंगामी वसतिगृहाची चौकशी करा.

शाळा व्यवस्थापन समिती : पालकांच्या हातातलं साधन

प्रत्येक सरकारी शाळेत ही समिती असते. तिच्यात ७५ टक्के पालक असावे लागतात, निम्म्या महिला, आणि अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो. अनुदानित अल्पसंख्याक शाळेत ही समिती फक्त सल्ला देऊ शकते, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत तिला खरे अधिकार आहेत : शाळेचा विकास आराखडा करणं, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं, शिक्षक वेळेवर येतात का ते पाहणं.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सही घरी येते आणि बैठक कागदावर होते. अम्मींना समितीत नाव आहे हेच माहीत नसतं. हे बदलायचं असेल तर तीन प्रश्न पुरेसे आहेत. मागच्या बैठकीचं इतिवृत्त दाखवा. मंजूर शिक्षक किती, हजर किती? मागच्या वर्षी शेवटच्या वर्गातून किती मुलं गेली आणि त्यांतली किती पुढच्या शाळेत दाखल झाली? तिसरा प्रश्न बहुतेक कोणी विचारत नाही, आणि सर्वात महत्त्वाचा तोच आहे.

प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो. त्यावरून शाळेचे शिक्षक, पट, स्वच्छतागृहं यांची माहिती ऑनलाइन बघता येते. कागदावर नळ आहे आणि शाळेत नाही, असं दिसलं तर तिथूनच तक्रार सुरू करा.

तक्रार कशी करावी

आधी मुख्याध्यापक, मग व्यवस्थापन समिती, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). प्रत्येक पायरीवर लेखी अर्ज आणि पोच. कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. अर्जाची भाषा सभ्य ठेवा आणि शिक्षकाला शत्रू करू नका. दोन शिक्षकी शाळेत पाच वर्ग सांभाळणारा माणूसही याच व्यवस्थेचा मार खात असतो.

जमातीने काय करावं

मशिदीत चंदा होतो, शादीखाना बांधला जातो, त्यात काही वाईट नाही. पण प्रत्येक गावात एक वही असावी, आणि तीत पाच ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुला-मुलीचं नाव, इयत्ता, शाळा लिहिलेली असावी. दरवर्षी मे महिन्यात चौथी, सातवी, आठवी आणि दहावी संपलेल्या मुलांची नावं वेगळी काढा. दोन माणसं आणि दोन बायका त्यांच्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारतील : जूनमध्ये कुठे नाव घालणार? टीसी अडली असेल तर ती काढून द्या. रिक्षाचं भाडं अडलं असेल तर चार मुलींसाठी मिळून एक रिक्षा ठरवा. बाप नको म्हणत असेल तर त्याच्या शब्दाला मान देणारा कोणीतरी सोबत न्या. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, तो फॉर्म भरून द्यायला गावातलं एक शिकलेलं पोर पुरे.

मकतब आणि शाळा यांत भांडण नको. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरत नाहीत. फज्रनंतरचा मकतबचा तास आणि शाळा दोन्ही आरामात बसतात. मदरशात शिकणाऱ्या मुलांसाठी राज्याची डॉ. झाकिर हुसैन मदरसा आधुनिकीकरण योजना आहे. तिच्यातून गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचं मानधन मिळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ते डी.एड. शिक्षकांसाठी ६,००० वरून १६,००० आणि बी.एड. शिक्षकांसाठी ८,००० वरून १८,००० रुपये केलं. ज्या मदरशांना हे घ्यायचं आहे त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी.

देशाची शिक्षणव्यवस्था बदलायला वेळ लागेल. कायदे, निकाल, शासन निर्णय येत राहतील. पण आपल्या गावात यंदा आठवी संपवणारी मुलं मोजली तर दहा-पंधरा असतील, कधी त्याहूनही कमी. एवढी नावं एका पानावर मावतात. ते पान मे महिन्यात लिहा, आणि १५ जुलैला पुन्हा उघडून प्रत्येक नावापुढे नव्या शाळेचं नाव लिहिता येतं का ते बघा. जिथे जागा रिकामी राहील, त्या घरी त्याच आठवड्यात जा.